तोंडात माप असेपर्यंत

आमचे डॉक्टर हे डॉक्टर नव्हते. ते स्वतःच तसं सांगायचे. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं. वर ‘दात बनवून मिळतील’ एवढीच पाटी आणि पाटीवर लाल हिरड्यांची एक हसणारी कवळी रंगवलेली. ती कवळी माणसाला नाही, घोड्याला बसली असती. पण रंगाऱ्याला वाईट वाटेल म्हणून त्यांनी पाटी बदलली नाही. रंगारी मरून गेला तरी बदलली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "त्याचा मुलगा याच रस्त्याने जातो."

ते चिनी होते. आजोबा चीनमधून कलकत्त्याला आले, वडील कलकत्त्याहून इकडे. डॉक्टर इथेच वाढले. हिंदी फर्डं, मराठी आमच्यासारखं, सिंधी गिऱ्हाइकापुरतं. बायको मराठी ख्रिस्ती, अंबरनाथला नर्स होती. तिच्या आधीच ते ख्रिस्ती झाले होते, तिच्यामुळे नाही, हे ते मुद्दाम सांगत. ती लवकर गेली. मूलबाळ नव्हतं.

मी चौथी शिकलेली. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे झाडू मारायला लागले. मग ट्रे धुवायला लागले, मग पावडर कालवायला. दुकान बंद होईपर्यंत तिथेच होते. एवढी वर्षं एका माणसाजवळ काढली की तो कुठे वेडा आहे आणि कुठे नाही, हे नीट कळतं.

त्यांना ‘नाही’ म्हणता येत नसे. ‘बघू या’ म्हणजे नाही. ‘जरा कठीण आहे’ म्हणजे मेलो तरी नाही. राग आला की जास्त हसत. एकदा एका बाईने जुनी कवळी परत आणली आणि नवी फुकट मागितली. डॉक्टर हसत हसत म्हणाले, "बघू या." बाई खुशीत निघाल्या. मी जिन्यात गाठून सांगितलं, "ताई, ते नाही म्हणतायत." बाईंनी मला शिव्या दिल्या. वर आले तर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही तिचं तोंड घालवलंत."

"तिचं तोंड तुमच्याच टेबलावर आहे," मी म्हणाले. कवळी ती तिथेच विसरली होती.

तोंड जाणं हे त्यांच्याकडे फार मोठं. चारचौघांत कोणाची चूक काढली की त्याचं तोंड गेलं. आपण नाक कापलं म्हणतो तेच. पण आपल्याकडे नाक कापायला लोक टपलेले असतात. डॉक्टर मात्र रस्त्यावरच्या पोरट्याचंसुद्धा तोंड सांभाळायचे. लॉकडाऊन उठल्यावर कोपऱ्यावरची पोरं त्यांना बघून "ए कोरोना" ओरडायची. मी चप्पल काढली. डॉक्टरांनी मला दंडाला धरून पुढे नेलं. "त्या उंच पोराची आजी माझ्या कवळीने जेवते," ते म्हणाले. "घरी कळलं तर तिला माझ्यापुढे तोंड उघडायची लाज वाटेल. मग माप कसं घेऊ?"

आता मुख्य गोष्ट. त्यांना लोकांची भांडणं सोडवायचं वेड होतं.

दात बनवायचा तर आधी माप घ्यावं लागतं. गुलाबी पावडर पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरायची, जबड्यावर दाबायची आणि घट्ट होईपर्यंत थांबायचं. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही. लाळ गळते आणि डोळे फिरतात. डॉक्टरांनी या वेळेचा धंदा केला होता. पैशाचा नाही, हा दुसराच.

आमच्या गल्लीत दोघा सिंधी भावांचं पापड-लोणच्याचं दुकान होतं. भांडण झालं आणि मधोमध प्लायवूड ठोकलं. डॉक्टरांनी दोघांना एकाच वेळेला बोलावलं. थोरला चढला तर धाकटा खुर्चीत बसलेला.

"साईं, ये क्या?" थोरला भडकला.

"अरे, माझ्याकडून चूक झाली," डॉक्टर म्हणाले. "पण बाईंनी पावडर कालवली. आता वाया जाईल."

पावडर मी कालवली नव्हती. त्यांनी डोळ्यांनी खूण केली तशी कालवली. दोघांच्या तोंडात ट्रे गेले. मग डॉक्टर मध्ये स्टुलावर बसले आणि बोलायला लागले. भांडणाचं अक्षर नाही. धाकट्याला म्हणाले, "परवा तुमच्या भावाकडे एक बाई मसाला पापड मागत होती. त्यांनी तिला तुमच्या बाजूला पाठवलं. म्हणाले, ते पापड त्यालाच जमतात." धाकट्याच्या घशातून आवाज आला. "हो ना," डॉक्टर म्हणाले, "मलाही बरं वाटलं." मग थोरल्याकडे वळले. त्याच्या घशातूनही आवाज आला. त्यालाही ते "बरोबर, बरोबर" म्हणाले. ट्रे निघेपर्यंत दोघांची वाफ गेली होती. नंतर काही दिवसांनी प्लायवूड निघालं. आता त्याचं आमच्या दुकानात फडताळ आहे, म्हणजे होतं.

मी विचारलं, "थोरला खरंच असं म्हणाला?"

"बाईला त्याने त्या बाजूला पाठवलं, हे मी पाहिलं."

"म्हणाला का?"

"हाताने म्हणाला."

दर वेळी जमायचं असं नाही. एका रिक्षावाल्याने माप तोंडात असताना त्यांचं बोट चावलं. तेव्हापासून ते रिक्षावाल्यांच्या भांडणात पडत नसत.

त्यांच्याकडे दोन शिकवणी होत्या आणि त्या एकमेकींशी भांडायच्या. एक वडिलांची. तिच्यात तोंडावर काही बोलायचं नाही. मध्ये माणूस घालायचा. धाकट्याने किंवा चुकलेल्याने दोन्ही हातांनी चहा द्यायचा, समोरच्याने प्यायला की झालं, माफी हा शब्दसुद्धा काढायचा नाही. दुसरी चर्चची. तिच्यात ज्याचं मन दुखावलंय त्यानेच आधी उठून जायचं, एकट्याने, आणि समोरासमोर बोलायचं. डॉक्टर दोन्ही एकाच भांड्यात कालवायचे.

अंबरनाथला त्यांच्या चर्चमध्ये दोन जावा होत्या. बारवी धरणाचं पाणी नळाला आलं की मोटर कोणी आधी लावायची यावरून बोलणं बंद. डॉक्टरांनी एकीला वडिलांचं सांगितलं, दुसरीला चर्चचं. रविवारी प्रार्थना संपल्यावर दोघी अंगणात एकमेकींसमोर आल्या. दोघींच्या दोन्ही हातांत चहाचा कप.

"घे ना," धाकटी म्हणाली.

"नाही, तू घे. मला आधी यायला सांगितलंय."

"मी लहान आहे. मीच द्यायचा असतो."

"म्हणजे मी माफ करायचं नाही का तुला?"

"मला? तू मला माफ करणार?"

चहा गार होत होता आणि दुसरं भांडण तापत होतं. मी त्या दिवशी डॉक्टरांची किल्ली द्यायला गेले होते. मी दोघींच्या हातांतले कप घेतले आणि एकामागून एक दोन्ही पिऊन टाकले. धाकटीचा बरा होता, थोरलीने साखर कमी घातली होती. तसं सांगितलं. दोघी आधी माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसायला लागल्या.

"तुमच्या दोन शिकवणी एकत्र चालत नाहीत," मी डॉक्टरांना म्हणाले.

"चालतात. फक्त चहा प्यायला तिसरं माणूस लागतं."

तेव्हापासून मध्ये घालायचा माणूस म्हणजे मी. मी असल्या कामाला अगदी नालायक आहे. मध्यस्थाने कडू शब्द वाटेत सांडून जायचं असतं, असं डॉक्टर म्हणत. माझ्याकडून काही सांडत नाही. ते म्हणत, "बाई, तुम्ही अंबरनाथहून निघालात की शब्द उल्हासनगरला जसाच्या तसा पोचतो. कुरिअरवाले असे असते तर!"

दुकानात एका फळीवर ते प्लास्टरचे जबडे ठेवत. मापातून प्लास्टर ओतून जबडा काढतात, ते हे. काम झालं की लोक ते फेकतात. डॉक्टर भांडणाऱ्यांचे जबडे समोरासमोर मांडून ठेवत आणि मिटलं की शेजारी शेजारी. फळीच्या टोकाला एक जागा मात्र नेहमी रिकामी असे. मी तिथे पुसायचं फडकं ठेवलं की ते उचलून दुसरीकडे ठेवत.

ती जागा त्यांच्या भावाची होती, हे मला उशिरा कळलं.

थोरला भाऊ बदलापूरला राहायचा. चिनी भाषेत थोरल्या भावाला ते ‘आको’ म्हणत, म्हणून मीही आकोच म्हणते. त्यांचं बुटांचं दुकान होतं, नंतर बंद केलं. आको ख्रिस्ती झाले नाहीत. वडील वारले तेव्हा कलकत्त्याहून सगळं गणगोत आलं होतं. वडिलांच्या फोटोपुढे गुडघे टेकून उदबत्ती लावायची, तीनदा वाकायचं, असा त्यांचा रिवाज. डॉक्टरांना ते चालणारं नव्हतं. नाही वाकायचं तर नाही, त्यात काही नाही. पण हे महाशय सगळ्यांच्या पुढे उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, मी देवाशिवाय कोणापुढे वाकत नाही, आणि तुम्हीही वाकू नका. जो माणूस बाईला ‘नाही’ म्हणू शकत नव्हता, तो आयुष्यात एकदाच बोलला आणि तो असा.

तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नाही. सगळ्या कॅम्पची भांडणं सोडवणाऱ्याचं हे घरचं. मी तोंडावर म्हणाले, "एकट्याने जा, बोला. तुमच्याच चर्चचं आहे ना?"

"मी गेलो आणि त्याने दार उघडलं नाही, तर शेजारी बघतील. त्याचं तोंड जाईल."

"मग माणूस घाला मध्ये."

"बघू या," ते म्हणाले.

एके दिवशी आकोंची मुलगी दुकानात आली. बदलापूरला शाळेत शिकवते. मराठीच बोलते. खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

"काका, बाबांचे दात गेले सगळे. होते तेही पडले. पेज पितात, बाकी काही नाही. वाळलेत अगदी. दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत."

"का?" मी विचारलं.

"म्हणतात, भाऊ दात बनवतो आणि मी दुसरीकडे गेलो, तर लोक काय म्हणतील? भावाचं तोंड जाईल."

मी कपाळाला हात लावला. भावाशी बोलायचं नाही, पण त्याची लाज राखायला उपाशी मरायचं. डॉक्टर आतल्या खोलीत गेले आणि नळ सुरू केला. बराच वेळ नळ वाहत होता. पाणी कपातीचे दिवस होते, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला संत्री घेऊन बदलापूरला पाठवलं. शिकवून ठेवलं, "म्हणायचं, इकडून चालले होते, सहज आले."

आकोंनी दार उघडलं. डॉक्टरांसारखाच चेहरा, पण आत ओढलेला. बोलताना तोंडापुढे हात धरत. भिंतीवर वडिलांचा फोटो, पुढे उदबत्तीची राख.

"सहज आले," मी म्हणाले. मग मला ते जमेना. "सहज बिहज नाही. तुमच्या भावाने पाठवलंय. तुम्ही पेज पिताय म्हणून त्यालाही घास जात नाही. मला दोघांचा वैताग आलाय."

आकोंनी संत्र्यांकडे पाहिलं. "दांत नहीं हैं, संतरा कैसे खाऊँ?" हाताआड ते हसले असावेत. मग आत गेले आणि रुमालात गुंडाळलेली तुटकी कवळी आणली. जुनी, वडिलांनी बनवलेली. "मेरे लिए नहीं," ते म्हणाले. "पिताजी का काम है, टूट गया. उसको बोलो, ठीक करे."

मी ती कवळी दुकानात आणली. डॉक्टरांनी ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली. "ही आता त्याला बसणार नाही. हिरड्या झिजल्या असतील. नवं माप घ्यावं लागेल."

"मग घ्या."

"त्याच्या घरी जावं लागेल."

"मग जा."

"बघू या," ते म्हणाले, आणि लगेच मान हलवली. "नाही. जाऊ या."

त्यांच्या तोंडून ‘नाही’ मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही सकाळी बदलापूरला गेलो. मी पावडर, वाटी, ट्रे घेतले होते. मुलगी शाळेत गेली होती. आकोंनी दार उघडलं, खुर्चीत जाऊन बसले. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, कालवा." मी कालवलं, ट्रेमध्ये भरलं. डॉक्टर ट्रे घेऊन भावापुढे उभे राहिले. आकोंनी तोंड गच्च मिटलं.

मग आकोंनी मान हलवली आणि तोंडावर हात धरूनच चिनीत काहीतरी म्हणाले. मला भाषा कळत नाही, पण ‘आधी मी बोलणार’ हे कुठल्याही भाषेत कळतं. डॉक्टर काही सांगायला गेले. आकोंनी हात वर केला.

"डॉक्टर, घट्ट होतंय," मी म्हणाले. पावडर कोणाच्या भांडणासाठी थांबत नाही.

डॉक्टरांनी हातातल्या ट्रेकडे पाहिलं. मग तो ट्रे त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला. दाबला. आणि भावासमोरच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसले.

आको बघतच राहिले. मग त्यांचा हात तोंडावरून खाली आला आणि ते बोलायला लागले. मी त्या घरात पहिल्यांदा त्यांच्या उघड्या हिरड्या पाहिल्या. ते हळू बोलत होते, मग मोठ्याने, मग रडून, मग पुन्हा हळू. मध्ये एकदा डॉक्टरांनी डोळे मोठे केले आणि काही बोलायला बघितलं. नुसती लाळ आली. मी टॉवेल दिला. माप कधीच घट्ट झालं होतं, काढता आलं असतं. मी खूण केली. डॉक्टरांनी मान हलवली. नाही. मी पाहिलेलं हे दुसरं.

शेवटी आको थकले आणि मला म्हणाले, "अब इसका मुँह खोलो, मर जाएगा."

ट्रे निघता निघेना. दोघांनी मिळून ओढला. फट् करून निघाला तेव्हा आको हसले आणि हात तोंडावर न्यायचं विसरले. मग डॉक्टर स्वयंपाकघरात गेले, चहा केला आणि दोन्ही हातांनी भावाला दिला. आकोंनी प्यायला. तिसरं माणूस लागलं नाही. मला कोणी विचारलंही नाही, मी माझा करून घेतला. मग मी दुसरी पावडर कालवली आणि आकोंनी निमूट तोंड उघडलं.

परत येताना मी विचारलं, "काय म्हणाले एवढं?"

डॉक्टर गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. चिखलोलीच्या नव्या इमारती गेल्या, तेव्हा बोलले. "वडील गेले त्या दिवशी त्याने मला दारात उभं केलं होतं. हातात पाण्याचा जग दिला होता. येईल त्याला पाणी द्यायचं, म्हणून. मला वाटलं, नोकरासारखं बाहेर ठेवलंय. म्हणून मी जग ठेवला, आत गेलो आणि बोललो. त्याला माहीत होतं मी वाकणार नाही. पाणी देणाऱ्याला कोणी वाकायला सांगत नाही. त्याने माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. मला ती कळली नाही."

"मग तेव्हाच सांगायचं ना त्यांनी!"

"सांगितलं असतं तर ती जागा राहिली असती का?"

हे मला तेव्हा पटलं नाही. सरळ सांगितलं असतं तर एवढी वर्षं फुकट गेली नसती, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "बघू या."

आकोंना कवळी बसली. पहिल्या दिवशी पेरू खाल्ला आणि टोचते म्हणून तक्रार केली. नंतर घासून घ्यायला म्हणून दर आठवड्याला दुकानात येऊन बसत. टोचत बिचत काही नव्हतं. फळीच्या टोकाला दोन जबडे शेजारी शेजारी आले, एक दातांचा आणि एक बोडका. धर्मावरून बोलत नसत. जेवणावरून भांडत.

मागच्या वर्षी डॉक्टर गेले. धाकटा आधी गेला. अंबरनाथच्या चर्चमध्ये पेटी ठेवली होती. मी बौद्ध, मला आत जायची अडचण नव्हती. मी मागच्या बाकावर बसते आणि सगळे उठले की उठते. पण आको फाटकाशीच उभे होते. पांढरा शर्ट घातला होता, खिशातून उदबत्तीचा पुडा डोकावत होता. आत पाळकसाहेबांची प्रार्थना सुरू व्हायची होती. लोक त्यांना "आत चला, आत चला" म्हणत होते. ते चर्चच्या दाराकडे बघत आणि पुन्हा फाटकाकडे सरकत.

मला पाहून जवळ आले. "आप बोलो," ते म्हणाले. "मैं क्या करूँ?"

मला सगळं सरळ सांगता आलं असतं. उदबत्ती इथे चालत नाही, पाळकसाहेबांना आवडणार नाही, तुम्हाला प्रार्थना येत नाही, बाहेरच थांबा. जन्मभर असंच बोलत आले. जिभेवर आलंही होतं.

मी अंगणातल्या टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "ऊन आहे," मी म्हणाले. "येईल त्याला पाणी द्या."

त्यांनी जगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग दारात जाऊन उभे राहिले.

शेवटपर्यंत तिथून हलले नाहीत. जावांना दिलं, सिंधी भावांना दिलं, पाळकसाहेबांनाही दिलं. कोणी त्यांना आत चला म्हटलं नाही. पेटी बाहेर निघाली, तेव्हा ती त्यांच्या अगदी जवळून गेली. ते ताठ उभे होते.

सगळे गेल्यावर जगात थोडं उरलं होतं. त्यांनी ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मला तहान नव्हती. मी प्यायले.